पोचलं समजा

टेकडीवरचा रिपीटर नीट झाला तर रेडिओवालीच्या पदरात काय पडणार होतं ते आधी बघून घेऊ, म्हणजे पुढे तिने जे केलं त्याचं मोल कळेल. हॉस्पिटलचे रेडिओ दुरुस्त करायची नोकरी कायम होणार होती. कायम झाली की हॉस्पिटलच्या मागच्या क्वार्टर्समधली वरची खोली मिळणार होती. पूर्वेला खिडकी, नळ स्वतःचा, आणि दाराला आतून कडी. कडीचं अप्रूप ज्यांना वाटत नाही, ते कधी भावाच्या घरात वहिनीचं शिलाई मशीन आणि भाच्यांची दप्तरं यांच्या मधे अंथरूण घालून झोपलेले नसतात. वहिनी वाईट नव्हती. ती फक्त दर रविवारी एक स्थळ आणायची, आणि तेही भाजी आणावी तसं: ताजं आहे, बघून घे, उद्या राहणार नाही.

आणि गमावण्यासारखं? काहीच नाही. निदान त्या सकाळी, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून चढ चढताना, तिचा हिशेब असाच होता. ज्यांचा हिशेब इतका सरळ असतो, त्यांच्यावर जरा लक्ष ठेवावं.

रिपीटर म्हणजे काय, तर डोंगराआडच्या रुग्णवाहिकेचा बारीक आवाज ऐकायचा आणि त्याच क्षणी तो मोठ्याने सगळीकडे सांगायचा. प्रत्येक गल्लीत अशी एक बाई असतेच, फक्त तिला टॉवर नसतो. टेकडीवरचं हे यंत्र कोरड्या हवेत छान चालायचं. धुकं पडलं की मात्र त्याला काहीतरी व्हायचं. गाड्यांचे आवाज तुटायचे, बुडायचे. मागच्या धुक्यात सगळ्यात जुना ड्रायव्हर, ज्याला सगळे दादा म्हणत, तो गाडीत श्वास अडकलेलं लेकरू घेऊन येत होता. "ऑक्सिजन तयार ठेवा" म्हणून घसा फुटेपर्यंत ओरडत होता, आणि कंट्रोल रूममध्ये नुसती खरखर. लेकरू वाचलं, ते दादाच्या पायाखालच्या ॲक्सिलरेटरमुळे. मोठे डॉक्टर म्हणाले, "थंडी संपायच्या आत दुरुस्त करा, नाहीतर यंत्रच बंद करू."

यंत्र बंद म्हणजे कंट्रोल रूम बंद. आणि कंट्रोल रूम म्हणजे आत्या.

आत्या रेडिओवालीच्या वडिलांची थोरली बहीण. कानाला हेडफोन, मांडीवर विणकाम, समोर माइक. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं, की म्हणायची, "ड्युटी होती."

"आत्या, दादा ओरडत होता तेव्हा तुला नक्की काय ऐकू आलं?"

"खरखर."

"नुसती?"

आत्याने एक टाका घातला, मग उसवला. "मधे एक माणूस होता."

"कोण?"

"टेकडीवर कोण गेलं होतं आणि खाली आलं नाही?"

हे सगळ्यांना ठाऊक होतं. रेडिओवालीच्या आधीचा तंत्रज्ञ, खांद्यावर कायम तारेचं वेटोळं म्हणून तारकाका. एका धुक्याच्या सकाळी वर निघाला, वळणावरच्या तुटक्या कठड्याशी पाय घसरला, आणि दरीत गेला. माणूस मिळाला. हातातला रेडिओ सेट मात्र कधीच मिळाला नाही. बोलणं संपवताना सगळे "ओव्हर" म्हणतात, तारकाका म्हणायचा, "पोचलं समजा."

"पण तारकाकांचा आवाज घोगरा होता ना? धुक्यातला माणूस तरुण वाटतो म्हणे."

"वर गेल्यावर वय उतरत असेल," आत्या म्हणाली. "आयुष्यभर नोकरी केल्यावर तेवढं तरी मिळायला नको?"

रेडिओवाली हसली. आत्या हसली नाही.

* * *

टेकडीवरची खोली म्हणजे चार भिंती, बॅटऱ्यांचा आंबूस वास आणि उंदरांचं राज्य. कपाटाएवढ्या यंत्रावर दोन दिवे. आवाज आत आला की हिरवा, बाहेर गेला की लाल. दोन्ही विझलेले. बाहेर धुकं इतकं दाट, की टॉवर खालून दोन पुरुष उंचीपर्यंत दिसायचा आणि पुढे कोणीतरी खोडून टाकल्यासारखा नाहीसा व्हायचा.

तिने नेमाने सुरुवात केली. आधी बॅटऱ्या, मग तारा, मग अँटेनाकडून येणाऱ्या जाड केबलचं तोंड. कनेक्टर उघडला तर आत पाणी, आणि तांब्यावर हिरवा कळंक. "सापडलास!" ती मोठ्याने म्हणाली. एकट्या माणसाने मोठ्याने बोलावं, बरं असतं. केबल कापली, नवा कनेक्टर बसवला, वरून रबरी टेप गुंडाळली. आता धुकं असो की काही, सगळं स्वच्छ ऐकू येणार होतं.

आलंही. हिरवा दिवा आपणहून लागला.

पंखा घरघरला. लाल दिवाही लागला. आणि यंत्राच्या छोट्या स्पीकरमधून, जणू कपाटाच्या मागेच कोणी उभं असावं इतक्या जवळून, आवाज आला.

"कोणी आहे का तिकडे? ...टेकडी, कोणी आहे का?"

तिच्या हातातली पक्कड खाली पडली. आवाज थांबताच तिने खाली विचारलं, "आत्या, आत्ता कोणती गाडी बोलली?"

"सगळ्या अंगणात उभ्या आहेत. दादा माझ्यासमोर चहा पितोय." मग जरा वेळाने, हळू, "आला का तो?"

रेडिओवालीने काय करावं? शहाण्या माणसाने पिशवी उचलली असती. पण तिला खोली हवी होती, आणि खरं सांगायचं तर आवाज चांगला होता. तिने कंट्रोल रूमकडच्या जोडणीचं बटण बंद केलं, म्हणजे आता इथलं बोलणं हवेत जाईल, पण खाली ऐकू जाणार नाही. माइक तोंडाशी धरला.

"कोण बोलतंय?"

"बाप रे."

"काय झालं?"

"तुम्ही... उत्तर दिलंत."

"विचारलंत म्हणून दिलं."

"आजवर नुसतं 'आहे, मी आहे' एवढंच यायचं. पुढे काही विचारलं की गप्प." घसा साफ केल्याचा आवाज. "ताई, घाबरू नका. तुमची काही इच्छा राहिलीय का?"

"माझी इच्छा?"

"म्हणजे... अडकून पडायला कारण लागतं ना काहीतरी."

रेडिओवालीच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. हा माणूस तिला मेलेली समजत होता!

"अहो, मी जिवंत आहे!"

"सगळ्याच असं म्हणत असतील."

"सगळ्या? किती भेटल्या तुम्हाला?"

"तुम्ही पहिल्याच," आवाज म्हणाला, आणि त्यात हसू होतं. "आमच्याकडे म्हणतात, टेकडीवर एक ऑपरेटर होती. वीज पडून गेली. धुक्यात बोलते."

"छान. आमच्याकडे तुम्ही दरीत पडलात."

"मी? कधी?"

"माझ्या आधी."

"फार लागलं का?"

ती खुदकन हसली. आणि मग त्या हसण्याचा आवाज त्या बंद खोलीत एकटाच घुमला. कारण पलीकडून आता काहीच येत नव्हतं. खिडकीबाहेर ऊन उतरलं होतं. धुकं फाटत होतं, आणि त्याच्याबरोबर आवाजही कुठेतरी वितळून गेला होता.

* * *

याला शास्त्रीय कारण आहे, हे तिला शिकताना सांगितलं होतं. थंड हवा दरीत साचते, वर ऊबदार हवेचं झाकण बसतं, आणि रेडिओच्या लहरी त्या झाकणाखालून नळातल्या पाण्यासारख्या फार लांब वाहत जातात. म्हणजे दूर कुठेतरी दुसरी टेकडी, दुसरा रिपीटर, तिथे हाच चॅनेल आणि तिथेही एक तंत्रज्ञ. एवढं साधं. आता इतकं साधं असेल तर माणूस सरळ नाव-गाव विचारून मोकळा होतो. पण रेडिओवर नाव घ्यायचं नाही, गावाचं तर मुळीच नाही, हा या कामातला पहिला धडा. रुग्णाचं नाव बाहेर फुटू नये म्हणून घातलेला नियम, पण तो अंगात इतका मुरतो की ही माणसं घरीसुद्धा "मी तळावर पोचलो" म्हणतात. ती त्याला "टेकडी" म्हणायची. तोही तिला "टेकडी" म्हणायचा.

मग रेडिओवालीला धुक्याचं वेड लागलं. पहाटे उठून ती खिडकीतून बघायची आणि काचेपलीकडे काही दिसलं नाही की तिचा चेहरा खुलायचा. वहिनी भावाला म्हणाली, "हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, नाहीतर लग्नाचं बघा. काहीतरी एक आहे."

वर टेकडीवर दुरुस्ती जोरात चालू होती. म्हणजे ती एका हाताने यंत्राची नको त्या लहरी अडवणारी गाळणी जुळवायची, दुसऱ्या हातात माइक.

"पुरावा द्या," तो म्हणायचा.

"कसला?"

"जिवंत असल्याचा."

"मला सर्दी झालीय."

"हं... भुतांना होत नसावी. धुक्यात राहून झाली असती तर सगळी भुतं शिंकतच फिरली असती."

"आता तुमचा पुरावा."

"माझी आई म्हणते, लग्न कर. मेलेल्या मुलाला कोण म्हणेल?"

"...मग? करताय?"

"बघतोय. मुलगी जरा लांब राहते. आणि जिवंत आहे की नाही, तेही नक्की नाही."

अशा वेळी तिने माइकचं बटण सोडून द्यावं, आपलं हसू त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि त्याने म्हणावं, "बटण सोडलंत. म्हणजे हसताय."

पण सगळंच काही गोड नव्हतं. एका सकाळी ती म्हणाली, "तुमच्या खिडकीतून काय दिसतं?"

"धुकं. एक वाळकं झाड. फांदीवर कावळा."

तिने मान वर केली. तिच्या खिडकीबाहेर धुकं होतं. एक वाळकं झाड होतं. फांदीवर कावळा बसला होता आणि तिच्याकडेच बघत होता.

"आणि... दाराच्या आत?"

"खुंटी. तारेचं एक जुनं वेटोळं अडकवलंय."

तिने मागे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, येताना रोज तिचं डोकं त्याला लागायचं. तारकाकांचं वेटोळं. दुसरी टेकडी नसलीच तर? हीच टेकडी, हीच खोली, आणि तो... इथेच, कपाटामागे, कुठल्यातरी दुसऱ्या सकाळी?

"टेकडी? गप्प का झालात?"

"कावळा..." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "कावळा काय करतोय?"

"बसलाय. थांबा... हां, उडाला."

तिने काचेला नाक लावलं. तिचा कावळा बसून होता. मान खाजवत होता. फांदी सोडायचं नाव नाही. एका कावळ्याच्या आळसाने एखाद्या मुलीला इतका आनंद क्वचितच झाला असेल. तिला रडूच आलं.

"टेकडी, तुम्ही रडताय?"

"सर्दी आहे म्हटलं ना!"

तो म्हणाला, "नियम मोडू का? फोन नंबर देऊ?"

"नको."

"का?"

ती बराच वेळ बटणावर बोट ठेवून राहिली. "लावला आणि कोणी उचललाच नाही, तर?"

पलीकडून श्वास ऐकू आला. "खरंय," तो हळूच म्हणाला. "मीही म्हणूनच तुमचा मागितला नाही."

* * *

दोष सापडला तो दादामुळे. धुक्याच्या एका सकाळी तिने दादाला गाडी घेऊन पुलाखाली पाठवलं होतं. "दर थोड्या वेळाने हाक मारा, मी वर मोजते." ती वर वाट बघत राहिली, दादा काही बोलेना. तेवढ्यात हिरवा दिवा लागला, पलीकडून तो आला, त्याच्या आईने पाठवलेल्या स्वेटरची गोष्ट सांगू लागला, आणि ती ऐकत राहिली. दुपारी खाली आली तर दादा लालबुंद.

"मॅडम, घसा बसला माझा! किती हाका मारल्या! जिवंत माणसाची काही किंमत आहे की नाही?"

तिच्या डोक्यात खाडकन काहीतरी बसलं, योग्य जागी बसलं आणि दुखलं.

दादा बोलत होता. यंत्र ऐकत नव्हतं, कारण यंत्र पलीकडच्या त्याचं ऐकत होतं. एका वेळी एकच आवाज, जो जोरदार तो आत, दुसरा बाहेर. पुलाखालचा अशक्त आवाज धुक्यावरून घसरत येणाऱ्या त्या आवाजाखाली गाडला जात होता. तिने अँटेनाचं तोंड दुरुस्त केलं, गाळणी जुळवली, आणि प्रत्येक दुरुस्तीने दादापेक्षा त्याचाच आवाज जास्त स्पष्ट होत गेला. ज्या सकाळी ते लेकरू श्वासासाठी तडफडत होतं, त्या सकाळी तो "कोणी आहे का तिकडे?" विचारत होता.

दोष सापडला होता. दोषाचा आवाज छान होता, एवढीच अडचण.

उपायही यंत्रातच होता. आपल्या प्रत्येक सेटने बोलताना आवाजाच्या तळाशी एक बारीक गुणगुण सोडायची, माणसाला ऐकू न येणारी. घरच्या माणसाची दारावरची थाप ओळखावी तशी यंत्राने ती ओळखायची आणि तेवढ्यांनाच आत घ्यायचं. टोनचं कुलूप. तिने यंत्राचं झाकण काढून बघितलं, तर कुलूप पहिल्यापासून बसवलेलं होतं. कोणीतरी ते मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

"आत्या, टोन कोणी बंद केला?"

आत्याच्या सुया थांबल्या. "त्याचा सेट जुना होता. त्यातून टोन निघत नसे. कुलूप लावलं असतं तर त्याचंच बोलणं आत आलं नसतं."

"ठीक आहे, पण तारकाका गेल्यावर? नवे सेट आले, तेव्हा लावायला काय हरकत होती?"

"मी राहू दे म्हटलं."

"का?"

"सेट सापडला नाही ना त्याचा."

रेडिओवाली खुर्ची ओढून आत्याच्या गुडघ्याशी बसली. "आत्या... सेट दरीत पडून राहिला तरी त्याची बॅटरी—"

"मला बॅटरीचं शिकवू नकोस, चिमे. बॅटरी किती टिकते मला ठाऊक आहे."

"मग धुक्यात 'आहे, मी आहे' म्हणायचीस, ती तूच?"

"कोणी विचारलं की उत्तर द्यायचं," आत्या म्हणाली. "ड्युटी आहे."

रेडिओवालीने तिला सगळं सांगितलं. दुसरी टेकडी, दुसरा माणूस, आळशी कावळा. आत्या ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं. इतक्या धुक्यांत ज्याला ती "आहे" म्हणत आली, तो भलताच कोणीतरी होता, कुठल्यातरी आईचा लग्न न करणारा मुलगा.

शेवटी तिने विचारलं, "दादाच्या गाडीतलं लेकरू केवढं होतं गं?"

"नुकतं चालायला लागलेलं."

आत्याने विणकाम गुंडाळून पिशवीत घातलं. "कुलूप लाव."

* * *

सगळ्या गाड्यांच्या सेटमध्ये टोन भरण्यात तिने चार धुकी काढली. मग पुन्हा धुकं पडलं. ती वर गेली. तारेच्या वेटोळ्याखालून वाकून आत शिरली. हिरवा दिवा तिची वाटच बघत होता.

"टेकडी, कोणी आहे का?"

"आहे. मी आहे." मग तिने एका दमात सांगून टाकलं.

तो ऐकून घेत राहिला. "आमच्याकडेही हीच तक्रार," शेवटी म्हणाला. "तुमचा आवाज आला की आमच्या रुग्ण आणणाऱ्या होड्यांचा आवाज बुडतो. मीही कुलूप बसवून तयार ठेवलंय. गेली तीन धुकी लावायचं टाळतोय."

"मी चार."

"म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त..."

"गणित चुकलं असेल माझं."

"तंत्रज्ञाचं?"

दोघंही हसले, आणि दोघांचंही हसू मधेच संपलं. खिडकीच्या कोपऱ्यात पिवळसर रेघ उमटली होती. ऊन येत होतं.

"टेकडी, एक विचारतो. मी निघालो तर... शोधत, विचारत कुठूनही आलो तर... या म्हणाल?"

आता इथे चटकन उत्तर द्यायचं होतं. पण माणूस नेमका इथेच हिशेब करायला बसतो. तो आलाच नाही तर? निघाला आणि अशी टेकडी कुठे नसलीच तर? की माझीच टेकडी कुठे नसेल, मीच... तिने दाराकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, आपल्या हाताकडे बघितलं. बटण दाबलं तेव्हा हिरवा दिवा विझला होता.

"टेकडी?" ती म्हणाली. "टेकडी, ऐकताय?"

उन्हात धुक्याचे लोळ पायऱ्या उतरून चालले होते.

मग तिने काम केलं. दुसरं काय करणार? आधी टोनचं कुलूप चालू केलं. मग ताकद मोजायला अँटेनाची केबल काढली आणि तिच्या जागी डमी लोड लावला. हा एक जड डबा असतो. यंत्राची सगळी ताकद तो गिळतो, त्यातून एक कणही हवेत जात नाही. या डब्यात ओरडलेलं शेजारच्या खोलीतही ऐकू जाऊ नये, यासाठीच तो बनवलेला. लाल दिवा लागला, काटा हवा तिथे थांबला.

आणि जिथून काहीच बाहेर जाणार नाही याची पक्की खात्री होती, तिथेच तिने माइक ओठांशी नेला.

"हो," ती म्हणाली. "या."

काटा जरासा थरथरला. बाहेर फांदी हलली, कावळा एकदम उडाला. तिने केबल जागेवर लावली, झाकण बसवलं आणि खाली उतरली.

पुढच्या धुक्यात दादा पुलाखालून बोलला, तो शेजारी बसून बोलल्यासारखा. मोठे डॉक्टर खूश झाले. नोकरी कायम झाली, खोली मिळाली. पहिल्याच दिवशी तिने आतून कडी लावली आणि पलंगावर बसून कडीकडे बघत राहिली. इतकी शांतता तिने मागितली नव्हती. खाली कंट्रोल रूममध्ये आत्या धुक्याच्या सकाळी माइककडे हात न्यायची, आणि मधल्या मधे चष्मा पुसायला वळवायची.

* * *

थंडी सरली. एका लख्ख दुपारी कंट्रोल रूमच्या दारात कोणीतरी थांबलं.

"कोणी आहे का?"

आत्याच्या मांडीवरचा गुंडा घरंगळत टेबलाखाली गेला. रेडिओवाली दादाच्या गाडीचा सेट उघडून बसली होती, तिने मान वर केली. दारात उन्हाने रापलेला एक माणूस होता, खांद्याला हत्यारांची पिशवी, चालून चालून धुळीने माखलेले बूट, आणि एका गुडघ्यावर विजार फाटून रक्त आलेलं.

ती उठली. जवळ गेली. हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरची मूठ त्याच्या दंडात खुपसली.

"आई गं!"

"लागलं?"

"लागणारच!"

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पार बुडाला.

"सर्दी?" त्याने विचारलं.

"...गेलीच नाही."

दादाने खाकरून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. आत्या मात्र सरळ बघत होती. "आधी टेकडीवर जाऊन आलात. पायाला वरची लाल माती आहे. रस्ता कोणी दाखवला?"

"तुमच्याकडच्या त्या काकांनी."

"कोणत्या काकांनी?" रेडिओवालीने विचारलं.

"रिलेवाले." त्याला नवल वाटलं. "म्हणजे तुम्हाला माहीत नाही? त्या सकाळी तुमचा आवाज गेला. मी बराच वेळ थांबलो, सेट बंद करणार, एवढ्यात ते चॅनेलवर आले. वयस्कर, घोगरा आवाज. ऊन आलं होतं तरी स्वच्छ. म्हणाले, 'तिचं तुझ्यापर्यंत येत नाही, मी मधे आहे, मी सांगतो. ती हो म्हणतेय. या म्हणतेय.'"

रेडिओवालीने टेबलाचा काठ धरला. डबा. तो जड, बंद, काहीही बाहेर न सोडणारा डबा.

"मी म्हटलं, यायचं कुठे? तर त्यांनी वाट सांगितली. नाव एकाही गावाचं घेतलं नाही, नुसत्या खुणा. नदी कुठे ओलांडायची, कुठला फाटा सोडायचा. थंडी संपून सुट्टी मिळाली, तेव्हापासून चार दिवस त्या खुणांवर चालतोय. आणि म्हणाले, 'वळणावरचा कठडा तुटलाय, तिथे आतल्या बाजूने चाल.' तिथेच पाय घसरला हो माझा! आतल्या बाजूला होतो म्हणून गुडघ्यावर निभावलं."

रेडिओ स्वच्छ होता, एक खरखरही नव्हती.

"आणि शेवटी?" आत्याने विचारलं. "शेवटी काय म्हणाला?"

"शेवटी म्हणाले, 'बॅटरी संपली आता. कंट्रोलला सांग, दार लावलंस ते बरं केलंस, थंडी आत येत होती.' आणि मग 'ओव्हर' नाही म्हणाले. म्हणाले—"

"पोचलं समजा," आत्या म्हणाली.

"हो. तुम्ही ओळखता त्यांना?"

आत्या उठली, खिडकीशी गेली. टेकडी उन्हात उघडी पडली होती, टॉवर टोकापर्यंत दिसत होता. आणि मग आत्या एकदम चिडली. खरंखुरं, कान लाल होईपर्यंत.

"म्हणजे होती की बॅटरी! इतकी धुकी गेली, मी रोज म्हणतेय, आहे, मी आहे... आणि याच्याकडे बॅटरी होती! मला एक शब्द बोलायला काय झालं होतं मेल्याला?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं, आणि ती हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे टिपले, टेबलाखालचा गुंडा उचलला आणि पाहुण्याला म्हणाली, "बसा. गुडघा धुऊन घ्या. चिमे, पाणी आण."

आता बेरीज करून टाकू. हॉस्पिटलला रिपीटर मिळाला. रेडिओवालीला नोकरी, खोली आणि आतल्या कडीच्या आत हसवणारं माणूस. वहिनीला रविवार मोकळे झाले. त्या माणसाला खर्च आला तो एक गुडघा आणि एक दंड, त्याची त्याने कधी तक्रार केली नाही. बाकी सगळं भरलं ते दरीतल्या माणसाने. एका हरवलेल्या सेटमध्ये उरलेली चिमूटभर ताकद, जी त्याने इतक्या धुक्यांत आपल्या हाकेसाठी वापरली नाही, ती आत्याच्या भाचीच्या एका शब्दावर उधळून टाकली.

आणि आत्याने भरलं. पण तिला विचाराल तर ती म्हणेल, ड्युटी होती.